जिथे कणगी होती तिथे टेबल लावा

तुमचा बेत मला समजला तो असा. देवगड तालुक्यात आजोळचं कौलारू घर आहे. गणपतीनंतर ठाण्याहून तिथे मुक्काम हलवायचा आणि डिझाइनचं फ्रीलान्स काम तिथूनच करायचं. समुद्राकडे तोंड असलेली पडवी स्लायडिंग खिडक्या लावून बंद करायची, तिथे ऑफिस थाटायचं, सगळं मिळून दीड लाखात बसवायचं. प्रश्न एवढाच विचारलाय की टेबल कुठलं घ्यावं आणि उभं राहून काम करायचं टेबल परवडतं का.

टेबलाचं शेवटी सांगते. माझ्या मते तुमची अडचण टेबलाची नाहीच, जागेची आहे. तुम्ही जागा डिसेंबरातल्या कोकणासाठी निवडलीये आणि काम तर आषाढातही करायचंय.

मी गुहागरात राहते. सोळा वर्षं घरूनच भाषांतर आणि सबटायटल्सचं काम करते, अलीकडे आवाजाचंही. या काळात कामाची जागा तीनदा बदलली. पहिली जागा पडवीत होती, म्हणजे तुम्ही आज जे करायला निघालात तेच मी करून बसले आहे. दुसरी माळ्यावर. तिथे मे महिन्यात कौलं अशी तापायची की दुपारी लॅपटॉप आणि मी दोघंही बंद पडायचो. आता बसते ती तिसरी खोली, पूर्वीची कोठीची.

तुमचं घर मी पाहिलेलं नाही. समुद्र पन्नास पावलांवर आहे की मध्ये वाडी आहे, भिंती चिऱ्याच्या आहेत की मातीच्या, घर किती वर्षं बंद होतं, यावर बरंच काही ठरेल. पण पडवीबद्दल मी जवळजवळ ठामपणे नको म्हणेन.

आपल्याकडे पाऊस सरळ पडत नाही, नैऋत्येकडून झोडपत येतो. जुन्या लोकांनी पडवी काढली ती बसायला होतीच, पण त्याहून जास्त आतल्या भिंतीला झड लागू नये म्हणून. पावसाळ्यात पडवीला माडाच्या पात्यांची झापं बांधायची, आता लोक ताडपत्री किंवा हिरवी जाळी लावतात. म्हणजे पडवी ही घराची छत्री. छत्रीच्या काडीवर बसून ऑफिस चालवायचं म्हटलं तर भिजणारच. स्लायडिंग खिडक्यांच्या खालच्या पट्टीत पाणी साठतं आणि वाऱ्याच्या झोतासरशी आत उडतं. माझ्या पडवीत पहिल्याच जुलैत टेबलाखाली फडकी अंथरायची वेळ आली. दुसरा तोटा पावसाळ्यानंतर कळतो. पडवी बंद केली की माजघराचा वारा आणि उजेड जातो, आणि आजवर कोरड्या राहिलेल्या भिंतीला ओल धरते.

तुमच्या कामापुरता आणखी एक मुद्दा. पश्चिमेची पडवी म्हणजे चारनंतर पडद्यावर ऊन, साडेपाचनंतर सगळं केशरी, आणि दिवसभर माडांची हिरवी झाक. त्या उजेडात रंग निवडलेत तर गिऱ्हाईक म्हणेल की तुमचा पांढरा पिवळा दिसतोय. रंगाचं काम करणाऱ्याला उत्तरेचा उजेड, पांढऱ्या किंवा फिक्या राखाडी भिंती, आणि खिडकी पडद्याच्या समोर किंवा मागे नसून बाजूला, एवढं हवं. समुद्र दिसायला नको.

मग बसायचं कुठे? घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की भाताची कणगी, म्हणजे वर्षाचं धान्य साठवायची मोठी टोपली, कुठे असायची. ज्यांचं वर्षाचं पोट त्या भातावर होतं, त्यांनी ती जागा उगाच निवडली नसणार. बहुतेक घरांत ती मधल्या खोलीत, स्वयंपाकघराला लागून असते. चुलीच्या उबेने आणि धुराने वासेसुद्धा कोरडे राहायचे, वाळवी लागत नसे. आता गॅस आल्यामुळे ती ऊब राहिली नाही, पण भिंत घराच्या पोटात आहे, झडीपासून लांब आहे, हे बदललेलं नाही. अशा खोलीला उजेड कमी असतो. मी छपराच्या उत्तरेकडच्या उतारावर दोन काचेची कौलं घातली आणि दिवसा दिवा लावायची गरज संपली. (माकडं त्यावर उड्या मारतात. दोन जास्तीची कौलं माळ्यावर ठेवायची.)

खात्री करून घ्यायची असेल तर खर्चाआधी आषाढात आठ दिवस तिथे राहून या. तेवढी सवड नसेल तर निदान कुणाकडून तरी एक साधी परीक्षा करून घ्या. एकाच पुडीतलं मीठ चार वाट्यांत काढून चार जागी ठेवायचं आणि सकाळी बघायचं. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की पाणी धरतं, खडेमीठ त्याही आधी. पावसाळ्यात बहुधा चारही वाट्या ओलसर होतील, पण सगळ्यात शेवटी जी पाझरेल तिथे तुमचं ऑफिस. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळ काहीशे रुपयांत मिळतं, ते अर्थात जास्त नेमकं. मी मिठापासून सुरुवात केली कारण तेव्हा मला घड्याळ असतं हे माहीतच नव्हतं. गणपतीनंतरच जाणार असाल तर भिंती नीट पाहा. खालच्या दोन फुटांत लोणा लागलाय, पांढरी भुकटी सुटतेय, रंगाचे पोपडे आलेत, तर ती भिंत जमिनीतलं पाणी वर ओढतेय. तिला टेबल, कपाट काहीच चिकटवू नका.

एक नाजूक गोष्ट इथेच विचारते, कारण कोणी विचारत नाही. घर आजोळचं, म्हणजे मामांचं. पडवीत खिडक्या काय किंवा खोलीत नवीन वायरिंग काय, सगळ्या मामांना आणि मावश्यांना सांगून झालंय का? ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत, कोणाचं नाव आहे, मीटर कोणाच्या नावावर आहे? आजोबांच्या नावाचं मीटर असेल तर भार वाढवून घेताना अडाल. आज प्रेमाने "कर गो काय हवं ते" म्हणणारी माणसं भिंत फोडल्यावर वेगळं बोलतात. दीड लाख दुसऱ्याच्या भिंतीत घालण्याआधी निदान व्हॉट्सअॅपवर तरी सगळ्यांचं लेखी 'हो' घ्या. आणि जे घ्याल त्यातलं जास्तीत जास्त उचलून नेता येईल असं घ्या.

आता वीज. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान इथेच झालंय.

कोकणात विजा पडतात त्या ऐन पावसात कमी, वळवात आणि परतीच्या पावसात जास्त. मे अखेर आणि ऑक्टोबर हे दोन काळ लक्षात ठेवा. तांब्याच्या तारेचं इंटरनेट होतं तेव्हा एका मेमध्ये माझा मोडेम आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटर एका फटक्यात गेले. लॅपटॉप वाचला, कारण तो खुंटीवरच्या पिशवीत होता. आता फायबर आहे आणि काचेच्या तंतूतून वीज येत नाही हे खरं. पण केबल तोलणारी लोखंडी तार असते आणि डब्याचा अॅडॉप्टर प्लगातच असतो. तेव्हा ढग वाजायला लागले की प्लग उपटायचा. बटण बंद करून भागत नाही.

पण त्याआधी अर्थिंग, म्हणजे गळलेली वीज जमिनीत सोडणारी तार. जुन्या घरात तीन भोकांचे प्लग असतात आणि तिसऱ्या भोकामागे काहीच नसतं. ओळखायची खूण सोपी आहे. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर बोट फिरवलं की मुंग्या आल्यासारखं होतं. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला दाब मीटरने मोजून घ्या. एक-दोन व्होल्ट ठीक, पाचाच्या पुढे गेला तर काहीतरी सैल आहे किंवा अर्थिंग मेलंय. आपल्या जांभ्या दगडाची अडचण अशी की पावसाळ्यात तो चिंब असतो तेव्हा अर्थिंग झकास चालतं, आणि एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडा झाला की तेच अर्थिंग नावापुरतं उरतं. नेमक्या वळवाच्या विजा तेव्हाच. म्हणून अर्थिंगचा खड्डा न्हाणीच्या किंवा वाडीच्या पाटाच्या पाण्याजवळ घ्यायचा आणि उन्हाळ्यात त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायचं. मुख्य बोर्डावर दाबाच्या उसळीपासून वाचवणारं उपकरण बसवता येतं, पण ते उसळी जमिनीत सोडतं. जमिनीकडची वाटच नसेल तर ते नुसतं शोभेचं. आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की प्रवाह तोडणारी कळ, मात्र माणसासाठी आहे, तीस मिलिअँपिअरची, ती बसवाच. ओल्या हातांच्या घरात तिला पर्याय नाही.

इन्व्हर्टर. तुम्ही ठाण्यातला डेस्कटॉप घेऊन येणार म्हणताय, त्याआधी हा हिशेब बघा. दीडशे अँपिअर-तासांची बारा व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. इन्व्हर्टरमध्ये जाणारी घट आणि बॅटरी पार रिकामी करायची नाही हे धरलं की हातात अकराशे-बाराशे येतात. लॅपटॉप साठ वॅट, वेगळा मॉनिटर पंचवीस, राउटर आणि फायबरचा डबा मिळून पंधरा, कमी विजेचा बीएलडीसी पंखा तीस, दिवा दहा. झाले १४०. म्हणजे आठ तास, अख्खा कामाचा दिवस. लॅपटॉपच्या जागी डिझाइनचा डेस्कटॉप आणला आणि तो तीनशे वॅट खाऊ लागला तर तोच दिवस तीन तासांत संपतो. नुसता जुना पंचाहत्तर वॅटचा पंखा ठेवला तरी दोन तास जातात. म्हणून डेस्कटॉप विका, लॅपटॉप आणि चांगला मॉनिटर घ्या. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्याने वीज जाताना आणि येतानाच्या झटक्याची काळजीही नाही.

बॅटरी टेबलाखाली ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, मोकळी हवा लागते. पडवीचा झड न लागणारा कोपरा तिला उत्तम, चला, पडवीचा उपयोग झाला. टोकांना व्हॅसलिन लावायचं, नाहीतर खाऱ्या हवेने त्यावर हिरवंनिळं पीक येतं.

हे सगळं रोजच्या दोन-चार तासांच्या खंडासाठी. वादळाचं गणित वेगळं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते तुमच्याच किनाऱ्याला घासून गेलं. त्यावर कुठलाही इन्व्हर्टर पुरत नाही. त्यासाठी एक भरलेली पिशवी आणि दोन दिवसांत गाठता येईल असं शहरातलं एक घर हवं, बस.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. घर वाडीत, म्हणजे खोलगट भागात असेल तर रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर येते आणि घरात येत नाही. तुमच्या गावात नेमकं काय चालतं ते फक्त शेजारी सांगतील, कंपनीच्या नकाशावर जाऊ नका. फायबर एका कंपनीचं आणि सिम दुसऱ्या कंपनीचं ठेवा, कारण तुमच्या घरी वीज असली तरी टॉवरची बॅटरी उतरली की सगळं सारखंच. माझ्याकडे बाहेरच्या अँटेनाचा फोरजी राउटर आहे. वर्षातले पंधरा-वीस दिवसच लागतो, पण त्या दिवसांत तो नसता तर दोन गिऱ्हाइकं गेली असती.

ओलीबद्दल लोक विचारतात, एसी लावू की डिह्युमिडिफायर? दोन्हींना बंद खोली लागते. कौलांच्या फटींतून हवा येत असेल तर तुम्ही अख्ख्या सिंधुदुर्गाची हवा कोरडी करत बसाल. आधी खोलीला आतून छत, मग यंत्र. माझ्या खोलीला फळ्यांचं पटई आहे, त्यामुळे डिह्युमिडिफायर चालतो, आषाढात दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी काढतो. तो इन्व्हर्टरवर मात्र चालवत नाही. पैसे कमी असतील तर खोली सोडा, कपाट कोरडं करा. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात कॅमेरा, मायक्रोफोन, हार्ड डिस्क ठेवायच्या आणि सिलिका जेलची पिशवी टाकायची. नारंगी दाणे हिरवे झाले की ते भरले असं समजायचं. मग स्वयंपाकाला न लागणाऱ्या जुन्या कढईत मंद आचेवर तापवले की पुन्हा नारंगी. चालू यंत्र स्वतःच्या उष्णतेने कोरडं राहतं. नुकसान होतं ते आठ-दहा दिवस बंद ठेवलेल्याचं, म्हणून गावाला जाताना लॅपटॉप डब्यात.

आणि प्रती. मी एक जुनी हार्ड डिस्क दुरुस्तीला चिपळुणात एका दुकानात दिली होती, तो जुलै २०२१ होता. २२ तारखेच्या पुरात दुकानाच्या छतापर्यंत पाणी. त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. चार वर्षांचं काम वाचलं ते दुसरी प्रत बहिणीकडे पुण्यात होती म्हणून. एक प्रत घरात, एक इंटरनेटवर, एक दुसऱ्या जिल्ह्यात.

आता माणसं. हे तुमच्या यादीत अजिबात नाही आणि पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त हेच छळेल. गावात दिवसा घरी असलेली व्यक्ती मोकळी असते, असा सर्वमान्य नियम आहे. गॅस सिलिंडर घ्यायला, कोणाच्या तरी मुलाचा फॉर्म भरायला, सुपाऱ्या वाळत घातल्यात त्यांवर लक्ष ठेवायला तुम्हीच. म्हणून दार असलेली खोली हवी, पडवीला दार नसतं. आमच्याकडे सासूबाईंनी नियम केला. कडी लावलेली असली तर दोनच कारणांसाठी हाक मारायची, माणूस पडलं किंवा गाय सुटली. मी समजावत होते तोवर कोणी ऐकत नव्हतं. त्यांनी "ती कामावर गेलीय" असं सांगायला सुरुवात केली आणि शेजारपाजार आपोआप थांबला.

गौरी-गणपतीत तुमचं ऑफिस चाकरमान्यांची झोपायची खोली होणार, हे आत्ताच मान्य करा. आमच्याकडे त्या आठवड्यात अठरा माणसं असतात. मी त्या दिवसांत मुदतीचं काम घेतच नाही आणि गिऱ्हाइकांना जुलैतच कळवते. शिमग्यात पालखी घरी येते तो दिवसही असाच. टेबलावरचं सगळं एका पेटीत भरून माळ्यावर जाईल, अशीच मांडणी करा. भिंतीत ठोकलेली ऑफिसं सणाला अडचण होतात.

तुमच्या दीड लाखाचा क्रम मी असा लावेन. पहिल्यांदा वायरिंग आणि अर्थिंग, मग इन्व्हर्टर-बॅटरी, मग खोलीचं छत, मग खुर्ची. उरलं त्यात टेबल. आकडे मुद्दाम देत नाही, देवगडातला सुतार आणि गुहागरातला सुतार यांच्या मजुरीत फरक पडतो. छत आधीच असेल तर तो पैसा मॉनिटरकडे वळवा. कर वाचेल म्हणून काही विकत घेऊ नका. व्यावसायिकांसाठी निम्मी जमा नफा धरायची जी सोपी पद्धत आहे, ती तुम्हाला लागू असेल आणि तुम्ही घेणार असाल, तर खुर्ची किंवा विजेचं बिल वेगळं वजा होत नाही. सीएला एकदा विचारा.

खुर्चीत कंजुषी नको, पण रेक्झिनची नको. दोन पावसाळ्यांत तिला बुरशी येते आणि तिसऱ्यात साल निघते. जाळीच्या पाठीची, नायलॉनच्या पायाची घ्या, चकचकीत लोखंडी पाय समुद्राकाठी वर्षभरात तांबूस होतात.

आणि टेबल. दुकानातलं लाकडाच्या भुशाच्या फळीचं टेबल आणू नका, कडेने पाणी पिऊन ते भाकरीसारखं फुगतं. प्लायवुडच घ्यायचं तर आयएस ७१० शिक्क्याचं. पण तुमच्या आजोळी माळ्यावर एखादं जुनं सागवानी किंवा फणसाचं दार पडलेलं असेलच. सुताराकडून त्याला पाय लावून घ्या, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. उंची बाजारातल्या तिसाव्या इंचावर ठरवू नका. खुर्चीत बसून खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात आलं की जमिनीपासून जिथे येतं ती उंची. मी पाच फूट एक इंच, माझं टेबल सव्वीस इंचांचं आहे. लॅपटॉप चौरंगावर चढवायचा म्हणजे मान वाकत नाही, कीबोर्ड वेगळा. पाय टेकत नसतील तर खाली जेवणाचा पाट. भिंतीपासून टेबल चार बोटं लांब.

उभ्याचं टेबल मोटरचं असेल तर या हवेत मोटर आणि सरकते पाय किती टिकतील याची मला खात्री वाटत नाही, मी घेणार नाही. उभं राहून काम करायची हौस मी पडवीच्या कठड्यावर भागवते. संध्याकाळी पाच वाजता छापलेला मजकूर घेऊन तिथे उभी राहून तपासते, चहा कठड्यावर. तुम्हाला समुद्र हवाच होता ना, तो तेव्हा बघा.

आज मामांना फोन करा, कणगी कुठे होती आणि त्या खोलीची बाहेरची भिंत कुठल्या दिशेला आहे ते विचारून इथेच लिहा. खिडक्यावाल्याला आगाऊ रक्कम दिली असेल तर तेही सांगा. त्याच मापाच्या एका खिडकीचा कोठीच्या खोलीत उपयोग होऊ शकेल, बाकीच्या परत करता येतात का ते बघू.